बारा पायल्यांचा मण

मुख्याध्यापिकाबाईंनी काम सांगितलं तेव्हा ते अगदी एवढंसं होतं. शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. चित्रकलेच्या खोलीत 'आमच्या वेळची शाळा' असं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यातल्या एका टेबलावर जुनी नाणी आणि जुनी मापं मांडायची होती. "मापं म्हणजे सायन्स, आणि सायन्स म्हणजे तुम्ही," असं म्हणून त्यांनी ते टेबल धम्मप्रियाबाईंच्या नावावर टाकलं. टेबल चार फूट लांब आणि दोन फूट रुंद होतं. एवढ्या जागेत माणसाचं काय वाईट होणार, असं बाईंना वाटलं.

धम्मप्रियाबाई त्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या. त्या हळू बोलत आणि मोजकं बोलत. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की अर्धा गुण कापत, मग ती मुलगी वर्गात पहिली येणारी का असेना. नुसतं 'पाच' असं उत्तर आलं की विचारत, "पाच काय? पाच म्हशी?" सोलापुरात आज चाळिशीला आलेल्या कितीतरी बायका दूधवाल्यालासुद्धा 'एक लिटर' असं पूर्ण सांगतात, 'एक' म्हणत नाहीत. त्यामागे या बाई आहेत.

नाण्यांचं काम दहा मिनिटांत झालं. भोकाचा पैसा, आणा, चवली, पावली; सोळा आण्यांचा रुपया, चौसष्ट पैशांचा रुपया. बाईंनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. मग शाळेच्या अडगळीतून निघालेली लोखंडी पायली टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली: 'पायली. धान्य मोजण्याचे माप. १ पायली = '

इथे पेन थांबलं. ते पुढे अकरा दिवस थांबून राहिलं.

पहिली चूक बाईंनी अशी केली की कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "कुणाकडे जुनी पायली आहे का? पडताळणीसाठी हवी." संध्याकाळपर्यंत त्यांच्या व्हरांड्यात सात पायल्या जमल्या. मालकांसकट. पायली नुसती ठेवून कुणी गेलं नाही. प्रत्येक जण चहाला थांबला आणि आपली पायली हीच खरी, बाकीच्या व्यापाऱ्यांनी आत ठोकून लहान केलेल्या, असं शेजाऱ्याच्या पायलीकडे बघत म्हणाला.

गुरुबसप्पाकाका स्वतःची पायली टॉवेलमध्ये गुंडाळून, लेकरू आणावं तशी घेऊन आले. काकांची दुधनीला तीन पिढ्यांची आडत होती. आता ते लेकाकडे, बाईंच्या समोरच्या घरात राहत. "हे आमच्या आज्जाचं," ते म्हणाले. "दुधनीचं माप. ह्याला खोटं म्हणणारा माणूस अजून जन्मला नाही, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

"काका, मी खोटं म्हणत नाही. मला फक्त किती लिटर ते हवंय."

"लिटर?" काकांनी हा शब्द असा उच्चारला की जणू बाईंनी त्यांच्या आजोबांचं लग्नाआधीचं काही विचारलं होतं. "यप्पा! पायलीला लिटर कशाला पाहिजे? पायली म्हणजे पायली!"

बाईंनी शाळेतून एक लिटरचा मोजनळा आणला, पायल्या ओळीने मांडल्या आणि पाणी ओतायला सुरुवात केली. सातांपैकी पाच गळक्या निघाल्या. धान्याच्या मापाला पाणी धरून ठेवायची सवय नसते, ही गोष्ट एमेस्सी झालेल्या बाईंच्या लक्षात आली नव्हती. गुरुबसप्पाकाकांच्या आज्जांची पायली सगळ्यात जास्त गळली. पाणी व्हरांड्यातून अंगणात आणि अंगणातून काकांच्याच दारात गेलं. काका ते पाणी आपल्या पायांशी येताना बघत उभे होते. एवढा अपमान दुधनीच्या मापाचा आजवर झाला नसेल.

पलीकडच्या कॉटवर बाईंचे वडील त्रिंबकअप्पा बसले होते. वय ब्याऐंशी. गिरणीत पस्तीस वर्षं साच्यावर काम केल्याने ते जरा मोठ्याने बोलत.

"पान्याला शीग येतीया व्हय गं?" त्यांनी विचारलं.

बाई नळा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पायली काठोकाठ भरत नाहीत. ती भरून वर ढीग करतात, आणि तो शंकूसारखा ढीग, ती शीग, मापातच धरतात. पाण्याची शीग होत नाही. सगळी वाचनं बाद. बाईंनी वहीत त्या पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पद्धत चुकली.' मग थोडा विचार करून 'माझी' हा शब्द मध्ये घातला.

दरम्यान शाळेचे क्लार्क नवनाथ यांनी फाईल उघडली होती. "मॅडम, मेट्रिक सोडून दुसरं माप वापरणं गुन्हा हाय."

"वापरणार नाही. मांडणार आहे."

"मांडणार, पण भरून का रिकामं? भरून मांडलं तर मोजल्यासारखं व्हतंय की. आपण आपलं एक ना-हरकत घेऊन टाकू."

ना-हरकतीचा अर्ज ऑनलाइन होता. त्यात एक रकाना होता: 'क्षमता (लिटरमध्ये)'. बाईंनी 'अज्ञात' लिहिलं. संगणकाने घेतलं नाही, त्याला अंकच हवा होता. शून्य टाकलं, तेही चालेना. "एक टाका की," नवनाथ म्हणाले, "कोण मोजायला येतंय?" त्या वाक्याने बाईंच्या अंगावर काटा आला. पण अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. सरकारदरबारी ती पायली आजही एक लिटरची आहे, आणि ही नोंद आपल्या हातून झाली हे आठवलं की बाई जेवता जेवता थांबतात.

खरी गोष्ट मात्र त्याच दिवशी जेवताना सुरू झाली. बाईंनी सहज विचारलं, "अप्पा, मणाच्या पायल्या किती?"

अप्पांच्या हातातला कडक भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत गेला नाही. "बारा."

"शाळेच्या कपाटात जुनं अंकगणित सापडलंय. त्यात सोळा दिलंय."

"म्हाईत हाय," अप्पा म्हणाले. "म्हाईत हाय मला त्यात काय दिलंय ते."

बाई ज्या शाळेत शिकवत त्याच शाळेत, तिथे मुलगेही असत तेव्हा, अप्पा चौथीपर्यंत शिकले होते. हे बाईंना ठाऊक होतं. अप्पांनी त्यांना कितीतरी वर्षं स्कूटरवरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं, पण फाटकाच्या आत ते एकदाही आले नाहीत, हेही ठाऊक होतं. का, हे विचारायचं राहून गेलं होतं. शताब्दीला सगळ्यात जुना विद्यार्थी म्हणून प्रदर्शनाची फीत त्यांनीच कापावी असं शाळेने ठरवलं, तेव्हाही ते नुसतं "बघू" म्हणाले होते.

आता त्यांनी सांगितलं. गाव दुधनीच्या अलीकडचं. त्रिंबक शाळेसाठी सोलापुरात मामाकडे राहायचा, पण सुगीला गावी जायचा, कारण आई नागूबाई वर्षभर ज्याच्या शेतात राबायची तिथलं धान्य तेव्हा मिळायचं. नागूबाईला मोजता येत नव्हतं. म्हणून दहा वर्षांचा त्रिंबक खळ्यावर उभा राहून मोजायचा. एक मण, बारा पायल्या. तो सांगायचा, "झालं गं आये, बारा." मग ती पदर झटकून पोतं उचलायची.

त्या वर्षी शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, आले. पाढे झाले, पावकी, निमकी, औटकी झाली. त्रिंबक औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, वाघ होता. मग दिपोटींनी विचारलं, मणाच्या पायल्या किती. त्रिंबक उभा राहून म्हणाला, बारा. वर्ग हसला. दिपोटीही हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी 'सोळा पायल्यांचा एक मण' असं पाटीवर शंभर वेळा लिहायला लावलं. पाटीवर वीस ओळी मावत, म्हणजे पाच वेळा पाटी भरून.

"लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"लिवलं की. शंभर टायमाला बारा लिवलं." अप्पांना अजूनही त्याचं समाधान होतं. पण ते फार टिकलं नाही. "ती एक मार्काची गोष्ट न्हाय गं. सोळाचाच मण आसंल, तर माज्या आयेच्या मणातल्या चार पायल्या कुटं गेल्या? दर मणामागं चार. आन् मोजायला कोण हुबा हुता? मी हुतो. बारा झाल्यावर मीच म्हणायचो, झालं गं आये."

पाचवीला ते गेलेच नाहीत. आईलाही कधी विचारलं नाही.

"तू चिठ्ठीवर बारा लिव," ते शेवटी म्हणाले. "मी येतो फीत कापाया."

कुणीही लेक लिहून मोकळी झाली असती. धम्मप्रियाबाई म्हणाल्या, "अप्पा, पडताळल्याशिवाय नाही लिहिता येत."

"मग न्हाय येत मी."

अशा रीतीने चार फुटांचं टेबल बहात्तर वर्षं लांब झालं.

बाईंनी प्रयोग आखला. कॉलनीच्या तोंडावर मुबीनचं किराणा दुकान होतं. त्याच्याकडून पन्नास किलोचं मालदांडी ज्वारीचं पोतं आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा परत करण्याच्या बोलीवर आला. त्याची आई खातूनबी ज्वारीवर लक्ष ठेवायला म्हणून आली आणि खुर्ची घेऊन बसली. पण आधी माप भरणारा हात किती भरवशाचा, हे बघणं भाग होतं. बाईंनी गुरुबसप्पाकाकांची पायली अप्पांसमोर ठेवली. "दहा वेळा भरा अप्पा. मी प्रत्येक वेळी वजन करते."

अप्पांनी बाह्या वर केल्या. दोन्ही हातांची ओंजळ करून ज्वारी पायलीत लोटली, वर उचलून सोडली, आणि शेवटी एका तळव्याने शीग अशी उभी केली की एक दाणा वर टाकला असता तर घरंगळला असता, आणि एक काढला असता तर उणीव दिसली असती. पायली काट्यावर गेली. चार किलो दहा ग्रॅम. रिकामी करून पुन्हा भरली. चार किलो बारा ग्रॅम. पुन्हा. चार किलो दहा.

सहाव्या वेळी बाईंनी कोनमापक आणून शिगेचा उतार मोजला. सातव्या वेळी पुन्हा मोजला. तोच. दहा वाचनांत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत फरक सात ग्रॅमचा होता. प्रयोगशाळेत, वातानुकूलित खोलीत, हातमोजे घालून त्यांच्या बारावीच्या मुलींना एवढा काटेकोरपणा कधी जमला नव्हता. त्यांना स्वतःलाही नव्हता. या हाताने साठ-सत्तर वर्षांत पायली धरली नव्हती. तरी ती त्यात होती, जशी औटकी त्या डोक्यात होती. बाई एकदम मोठ्याने म्हणाल्या, "सतरा औट?"

"साडेएकोणसाठ," अप्पा मान वर न करता म्हणाले, आणि शीग सावरली.

गुरुबसप्पाकाकांनी टॉवेलने डोळे पुसले. "बघितलं? दुधनीचं माप," ते म्हणाले. पायली गळली होती ती गोष्ट त्यांच्यापुरती मिटली.

मग मुख्य प्रयोग. अंगणात चादर अंथरली. आधी शाळेच्या लोखंडी पायलीने अप्पांनी पुस्तकातला मण मोजला, सोळा पायल्या. त्या ढिगाचं वजन केलं, अठ्ठेचाळीस किलो शंभर ग्रॅम. उरलेली ज्वारी पोत्यात बांधून बाजूला ठेवली. आता हाच ढीग दुधनीच्या, म्हणजे नागूबाईच्या गावाकडच्या, पायलीने मोजायचा. नागूबाईच्या मणात चार पायल्या कमी होत्या, की तिची पायलीच मोठी होती?

अप्पा पायलीपाशी बसले. एक क्षण त्यांनी हात जोडले. मग भरलेली पायली चादरीच्या दुसऱ्या टोकाला ओतली आणि म्हणाले, "लाभ." दुसरी ओतली, "दोन." मग "तीन." प्रत्येक पायली भरताना ते तोच आकडा पुटपुटत राहत, म्हणजे विसरायला नको. बाई वहीत रेघा मारत होत्या. नवनाथ सहज आलो म्हणून आले होते, तेही बघत होते, हा भरलेल्या मापाचा वापर की मांडणी, असा प्रश्न डोळ्यांत घेऊन.

"बारा!" शेवटची पायली पालथी घालून अप्पा ओरडले. ढीग संपला होता.

बाईंनी वही बघितली. दोनदा मोजलं. "अप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "अकरा झाल्या."

"बारा झाल्या की."

"माझ्या अकरा रेघा आहेत."

अप्पांनी लेकीकडे बघितलं. ही लेक कधी चुकत नाही हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभिमान होता, आणि तोच आता आडवा आला. ते भांडले नाहीत. हात झटकून उठले आणि कॉटवर जाऊन बसले. "तू एमेस्सी हाइस. तुजं बरूबर आसंल," ते म्हणाले. "म्हंजी मी तवाबी चुकतच हुतो. आये, तुला बारा सांगत हुतो गं मी..."



बाईंना वाटलं, ही वही विहिरीत टाकावी. पण एकतीस वर्षांची सवय वाईट. त्यांनी गुणाकार केला. अकरा गुणिले चार किलो दहा ग्रॅम, चव्वेचाळीस किलो एकशे दहा. ढीग होता अठ्ठेचाळीस किलो शंभरचा. चार किलो ज्वारी कमी.

"चार किलो गायब आहे," त्या ताठ होऊन म्हणाल्या.

आता कॉलनीत नुसती धांदल. काका चादर उचलून खाली बघू लागले. नवनाथांनी पंचनामा करायचा का विचारलं. पन्हाळीवर दोन कबुतरं बसली होती, त्यांच्याकडे सगळ्यांची नजर गेली. "चार किलो खाल्लेलं कबूतर तिथपर्यंत उडणार नाही," बाई म्हणाल्या. वस्तुमान नाहीसं होत नाही, हे त्या दरवर्षी जूनमध्ये नववीला शिकवत.

"ए बेटी," खुर्चीतून खातूनबी म्हणाली. तिच्या हातात तसबी होती आणि एका मण्यावर अंगठा दाबून धरलेला होता. "मैं बी गिनी ना. मेरे बारा मणी सरके. तुझ्या वहीत लाभ कुठंय?"

"लाभ?"

"पहिली पायली गे. एक कोण म्हणतंय? पैली को लाभ बोलते, फिर दोन. आमचे अब्बाबी असंच मोजायचे."

बाईंनी वहीकडे बघितलं. पहिली रेघ 'दोन'ला होती. अप्पांनी हात जोडले, लाभ म्हटलं, तो त्यांना प्रयोगाच्या सुरुवातीचा शुभशब्द वाटला. आणि मापाचं म्हणाल, तर पहिलं वाचन त्या नेहमीच सोडून देत. शेकडो मुलींना त्यांनी बजावलं होतं: पहिलं वाचन चाचणीचं, ते धरायचं नाही. शेतकऱ्याच्या खळ्यावर मात्र पहिलंच वाचन सगळ्यात मोलाचं. ते एवढं मोलाचं की त्याला नुसतं 'एक' म्हणत नाहीत.

बाईंनी पुन्हा गुणाकार केला. बारा गुणिले चार किलो दहा ग्रॅम. अठ्ठेचाळीस किलो एकशे वीस. शाळेचा मण अठ्ठेचाळीस किलो शंभर. वीस ग्रॅमचा फरक. बारा मोठ्या पायल्या, सोळा लहान पायल्या, मण तोच.

त्यांनी तो आकडा तीनदा तपासला, खरा वाटेना म्हणून नव्हे. बघत राहावासा वाटत होता म्हणून. तागडी नव्हती, काटा नव्हता, दुधनीच्या आसपासच्या कुठल्याशा खळ्यावर एक दहा वर्षांचं पोर लाभ-दोन-तीन मोजत उभं होतं. सोलापुरात दुसरंच माप पाठ करून घेणारे गुरुजी होते. आणि दोघांच्या मणात वीस ग्रॅमचा फरक होता. मूठभरसुद्धा नाही.

त्या कॉटपाशी गेल्या आणि खाली बसल्या. "अप्पा, मी चुकले. लाभ धरला नाही. बाराच आहेत. आणि तुमच्या बारा म्हणजे गुरुजींच्या सोळा. पायली मोठी होती. आजीचं काही कमी झालं नव्हतं."

अप्पांनी त्या ढिगाकडे बोट केलं.

"येक दाणाबी?" त्यांनी विचारलं.

"वीस ग्रॅम इकडेतिकडे."

"तेवडं चिमण्यांचं," अप्पा म्हणाले. मग पंच्याने तोंड पुसलं आणि काकांना म्हणाले, "ओ सावकार, तुमचं माप खरं हाय बरं का." काका इतके फुलले की त्यांनी पायली टॉवेलमध्ये न गुंडाळता, उघडीच, सगळ्या कॉलनीतून मिरवत नेली आणि मिरवतच परत आणून दिली, टेबलावर ठेवायला.

शताब्दीच्या दिवशी अप्पा पांढरं धोतर नेसून फाटकाशी रिक्षातून उतरले. रिक्षावाल्याला साठ रुपये देताना "नऊशेसाठ आणे झाले की रं," असं पुटपुटले. फाटकाच्या आत पाऊल टाकताना ते थांबले, पण फार नाही. फीत कापली आणि सरळ मापांच्या टेबलाशी गेले. चिठ्ठी मोठ्याने वाचली:

'पायली (शाळेची): सोळा पायल्यांचा एक मण. पायली (दुधनीकडची): बारा पायल्यांचा एक मण. मण एकच. प्रत्यक्ष पडताळून.'

लिटरचा रकाना त्यात नव्हता.

"बरूबर," अप्पा म्हणाले. मग लेकीकडे वळून बारीक आवाजात, "मग माजा तेवडा मार्क?"

धम्मप्रियाबाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. एवढ्यात त्यांचा चेहरा शिक्षिकेचा झाला. "दिपोटींना नेमकं काय उत्तर दिलं होतं? नुसतं 'बारा'? की 'बारा पायल्या'?"

"आं?"

"एकक नसेल तर अर्धाच गुण मिळेल."

मग अप्पांना एवढं हसू आलं की मुख्याध्यापिकाबाई पाणी घेऊन धावल्या. "त्या गुरुजीपरीस वंगाळ हाइस तू!" ते म्हणाले. "बारा पायल्या म्हणलं हुतं. आयेची आन. पायल्या म्हणलं हुतं."

बाईंनी चिठ्ठी उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूला, उत्तरपत्रिकेवर काढतात तसा लाल गोल काढला. त्यात एकचा आकडा लिहायला पेन टेकवलं, आणि न लिहिता उचललं. मग सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं, 'लाभ'.